शर्टाच्या खिशातला संगणक

१९८०च्या दशकात लंडन किंवा न्यूयॉर्कच्या कार्यालयांत कामात बुडालेला माणूस त्याच्या हातातल्या चामडी वहीवरून ओळखता येई. १९२१ साली सुरू झालेल्या फायलोफॅक्स या ब्रिटिश कंपनीच्या वहीला त्या दशकात अचानक बरकत आली. कड्यांत अडकवलेली सुटी पाने आणि त्यांवर पत्ते, फोन नंबर, भेटीच्या वेळा, करायच्या कामांच्या याद्या. सोय मोठी होती, पण उणीवही तितकीच मोठी होती. या वहीची दुसरी प्रत नसायची. ती टॅक्सीत राहिली की वर्षानुवर्षे जमवलेले सगळे संपर्क एका फटक्यात गेले. कुणाचा नंबर बदलला की खाडाखोड, आणि खाडाखोड फार झाली की सगळे पान नव्याने उतरवायचे. त्याच काळात टेबलावर वैयक्तिक संगणक येऊन बसला होता. पत्ते साठवणे, शोधणे, हवे तसे लावून देणे त्याला सहज जमत होते. पण तो टेबलावरून हलत नव्हता.

वही आणि संगणक यांच्या मधली ही जागा भरून काढण्यासाठी पुढची दहा-बारा वर्षे जगातल्या मोठमोठ्या कंपन्या झटल्या. बहुतेकींना यश आले नाही. यश आले ते १९९६ साली एका लहानशा अमेरिकन कंपनीने आणलेल्या ‘पायलट’ला. पुढे तो ‘पामपायलट’ आणि नंतर नुसता ‘पाम’ म्हणून जगभर ओळखला गेला.

पहिले पाऊल मात्र ब्रिटनमध्ये पडले. डेव्हिड पॉटर यांनी १९८० साली स्थापन केलेल्या सायॉन कंपनीने १९८४ मध्ये ‘ऑर्गनायझर’ बाजारात आणला. पडद्यावर एकच ओळ आणि त्या ओळीत १६ अक्षरे. माहिती साठवायला छोट्या डब्या होत्या. एखादी नोंद काढून टाकली तरी तिने अडवलेली जागा मोकळी होत नसे. ती मोकळी करायला डबी अतिनील प्रकाशाखाली ठेवावी लागे. दोन वर्षांनी आलेल्या सुधारित आवृत्तीने जम बसवला. मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या दुकानांच्या साखळीनेही ती वापरली. १९९१च्या ‘सिरीज ३’मध्ये यंत्र मधोमध दुमडू लागले, आत खरोखरीचा कीबोर्ड आला आणि दोन पेन्सिल सेलवर ते बरेच दिवस चालू लागले. ब्रिटनमध्ये त्याचे चाहते आजही सापडतात.

जपानी कंपन्यांनी वेगळी वाट धरली. कॅसिओ आणि शार्प यांनी कॅल्क्युलेटरच्या घराण्यातली स्वस्त यंत्रे काढली. मुंबई-पुण्यातल्या वाचकांना ‘डिजिटल डायरी’ म्हणून आठवते ती हीच. नव्वदच्या दशकात ती व्यापाऱ्यांच्या, विमा एजंटांच्या, डॉक्टरांच्या खिशात दिसू लागली. इवल्या बटनांवर एकेक अक्षर दाबत नावे भरायची, पासवर्ड लावायचा आणि ती जपायची. मात्र एकदा आत गेलेली माहिती बाहेर काढणे जिकिरीचे होते. संगणकाशी जोडायची केबल वेगळी विकत घ्यावी लागे आणि बहुतेक जण ती घेत नसत. सेल वेळेवर बदलले नाहीत तर सगळी नावे पुसली जात. म्हणजे चामडी वहीतला मूळ दोष इथेही कायम राहिला: दुसरी प्रत नाही.

या टप्प्यावर अॅपल मैदानात उतरली, आणि एखाद्या डायरीपेक्षा कितीतरी मोठे स्वप्न घेऊन उतरली. स्टीव्ह साकोमन या अभियंत्याने १९८७च्या सुमारास ‘न्यूटन’ प्रकल्प सुरू केला होता. कल्पना अशी की कागदासारखा सपाट संगणक असावा, त्यावर माणसाने आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहावे आणि यंत्राने ते वाचावे. सुरुवातीचा आराखडा इतका महागडा होता की त्याची किंमत हजारो डॉलरवर गेली असती. मग लहान आवृत्तीचा विचार पुढे आला. कंपनीचे प्रमुख जॉन स्कली यांनी तो उचलून धरला. जानेवारी १९९२ मध्ये लास वेगासच्या ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात त्यांनी अशा यंत्रांसाठी ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हे नाव जाहीर केले. वस्तू हातात येण्याआधी दीड वर्ष तिचा गाजावाजा सुरू झाला. न्यूटनच्या पुढच्या अडचणींचे मूळ मला या घाईच्या घोषणेत दिसते. आता मागे फिरणे शक्य नव्हते आणि तारीखही फार पुढे ढकलता येत नव्हती. अभियंत्यांवर ताण असह्य झाला. डिसेंबर १९९२ मध्ये प्रकल्पातल्या एका तरुण प्रोग्रामरने आत्महत्या केली. जून १९९३ मध्ये खुद्द स्कलींनाच प्रमुखपद सोडावे लागले.

३ ऑगस्ट १९९३ रोजी बोस्टनच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात ‘मेसेजपॅड’ विक्रीला आला. किंमत ६९९ डॉलर, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि आकार असा की कोटाच्या खिशातही तो धड बसत नसे. लोकांची सगळी उत्सुकता हस्ताक्षर ओळखण्याबद्दल होती. त्यासाठीचा प्रोग्राम मॉस्कोत स्थापन झालेल्या पॅराग्राफ या कंपनीने लिहिला होता. तो अख्खा शब्द एकदम पाहून आपल्या शब्दकोशात त्याच्याशी मिळताजुळता शब्द शोधत असे. शब्द कोशात असला आणि अक्षर बरे असले तर चमत्कार वाटावा असे फळ मिळे. नसला तर यंत्र भलताच शब्द आत्मविश्वासाने समोर ठेवी, आणि माणसांची आडनावे तर शब्दकोशात अनेकदा नसतच. काही आठवडे वापरल्यावर यंत्र मालकाचे वळण शिकू लागे, पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते काही आठवडे कोण देणार? गॅरी ट्रूडो यांनी ‘डून्सबरी’ या आपल्या व्यंगचित्रमालिकेत त्याच महिन्यात न्यूटनच्या चुकीच्या वाचनाची टर उडवली. ती मालिका अमेरिकाभरच्या वर्तमानपत्रांत छापली जात असे. महिनाभरात न्यूटन म्हणजे चुकीचे वाचणारे यंत्र, अशी त्याची ख्याती झाली. पुढे अॅपलच्याच लोकांनी सुट्या छापील अक्षरांचे वाचन कमालीचे सुधारले. १९९७चे मॉडेल तर आजही अभ्यासकांना थक्क करते. पण एकदा गेलेली पत परत आली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी न्यूटन बंद केला.

याच वर्षांत कॅलिफोर्नियात जेफ हॉकिन्स नावाचा माणूस त्याच प्रश्नाशी झगडत होता. कॉर्नेल विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या हॉकिन्सला खरी ओढ मानवी मेंदूच्या अभ्यासाची होती. त्यासाठी तो मधल्या काळात नोकरी सोडून बर्कलीत जाऊनही बसला होता. परतल्यावर त्याने ग्रिड सिस्टिम्स या कंपनीत १९८९ चा ‘ग्रिडपॅड’ तयार केला. लेखणीने चालणारा हा संगणक दोन किलोंचा होता आणि तो सरकारी खाती व गोदामे यांच्या कामी आला. हेच यंत्र सामान्य माणसाच्या खिशात जावे या ध्यासाने हॉकिन्सने जानेवारी १९९२ मध्ये पाम कॉम्प्युटिंगची स्थापना केली. काही महिन्यांत डॉना डुबिन्स्की कंपनीची प्रमुख झाली. ती अॅपल आणि तिच्या क्लॅरिस या उपकंपनीत वितरणाचे काम करून आलेली, व्यवहारात पक्की. पुढच्या वर्षी विपणनासाठी एड कॉलिगन आला. हे तिघे पुढे अनेक वर्षे एकत्र राहिले. या इतिहासात यंत्राइतकेच महत्त्व त्यांच्या एकोप्याला आहे, असे मला वाटते.

त्यांचे पहिले यंत्र मात्र पडले. ‘झूमर’ नावाच्या या यंत्रात यांत्रिक भाग कॅसिओचा, विक्री टँडीची, मूळ प्रणाली जिओवर्क्सची आणि वरचे प्रोग्राम पामचे होते. जो तो भागीदार आपल्याला हवे ते आत घालत गेला. ऑक्टोबर १९९३ मध्ये आलेला झूमर मंद होता, जड होता आणि हस्ताक्षर वाचण्यात न्यूटनपेक्षा बरा नव्हता. पामच्या लोकांनी तो विकत घेणाऱ्यांकडेच चौकशी केली. उत्तरांतून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे बहुतेक गिऱ्हाइकांकडे आधीपासून संगणक होता आणि त्यांना त्या संगणकातली माहिती खिशात हवी होती. दुसरी अशी की या यंत्राची स्पर्धा संगणकाशी नव्हतीच. ती कागदाच्या डायरीशी होती. कागद उघडायला क्षण लागतो, तेवढ्याच वेळात यंत्रही उघडले पाहिजे.

१९९४ मध्ये पैसा संपत आला होता. एका गुंतवणूकदाराने हॉकिन्सला विचारले, नेमके काय करायला हवे ते तुला ठाऊक आहे का? हॉकिन्स घरी गेला आणि त्याने गॅरेजमध्ये लाकडाचा एक ठोकळा कापला, आपल्या शर्टाच्या खिशात बसेल असा. त्यावर पडद्याचे कागदी चित्र चिकटवले, एक चॉपस्टिक कापून तिची लेखणी केली. मग कित्येक दिवस तो हा ठोकळा खिशात घेऊन हिंडला. बैठकीत कुणी विचारले की अमुक वारी वेळ आहे का, की तो ठोकळा काढायचा, त्यावर लेखणी टेकवायचा आणि पाहिल्यासारखे करायचा. कोणते बटन किती वेळा लागते, काय कधीच लागत नाही, हे त्याला अशा वापरातून कळत गेले. तो ठोकळा आता माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

ठोकळ्यातून चार अटी ठरल्या. यंत्र शर्टाच्या खिशात मावले पाहिजे. किंमत २९९ डॉलरच्या पुढे जाता कामा नये. बटन दाबताच हवे ते समोर आले पाहिजे. आणि संगणकाशी जुळणी एका बटनावर झाली पाहिजे. या चारांत न बसणारी प्रत्येक गोष्ट गाळली गेली. मोडेम, छपाई, जादा कार्ड घालायची खाच यांतले काहीही आत नव्हते. पडदा काळा-करडा, १६० गुणिले १६० ठिपक्यांचा; आतून उजेड नाही. प्रोसेसर मोटोरोलाचा, १६ मेगाहर्ट्झचा. पहिल्या ‘पायलट १०००’ची मेमरी अवघी १२८ किलोबाइट होती. आजचा एखादा साधा फोटोसुद्धा तीत मावणार नाही. पण दोन लहान पेन्सिल सेलवर हे यंत्र काही आठवडे चाले आणि त्याचे वजन १६० ग्रॅम होते.

पडद्यावरची मांडणी रॉब हैतानीने केली. त्याची पद्धत टॅप मोजण्याची होती. जे काम दिवसातून दहा वेळा करायचे ते एका टॅपवर यावे. जे महिन्यातून एकदा, ते मेनूच्या आत लपले तरी चालेल. तो उदाहरण द्यायचा ते स्टेपलरचे: स्टेपलर टेबलावर असतो आणि पिन काढायचा चिमटा ड्रॉवरमध्ये, कारण दोन्ही सारख्याच वेळा लागत नाहीत. म्हणून नवी भेट नोंदवण्याचे बटन समोर राहिले आणि नोंद पुसण्याचे आत गेले. यंत्राच्या खालच्या बाजूला चार बटने होती: दिनक्रम, पत्ते, कामांची यादी आणि टिपणे. कोणतेही दाबा, बंद यंत्र थेट त्या पानावर सुरू होई. ‘सेव्ह’ करण्याची भानगडच नव्हती. लिहिले ते राहिले.

हस्ताक्षराच्या बाबतीत हॉकिन्सने घेतलेला निर्णय सर्वांत धाडसी होता. अॅपलची भूमिका होती की माणसाने हवे तसे लिहावे आणि यंत्राने ते समजून घ्यावे. हॉकिन्स म्हणाला, माणसे टंकलेखन शिकतातच ना; मग यंत्राला ओळखता येईल असे थोडे बदललेले अक्षर का शिकणार नाहीत? त्यातून ‘ग्राफिटी’ ही लिपी आली. रोमन मोठ्या अक्षरांना एका फटकाऱ्यात लिहिता येईल असे रूप दिले होते. ‘ए’ची मधली आडवी रेघ गेली, ‘एफ’ची एक रेघ गेली, ‘टी’चा दांडा एका टोकाला सरकला. सगळी अक्षरे पडद्याखालच्या एकाच चौकटीत, एकावर एक लिहायची. आकड्यांसाठी शेजारी वेगळी चौकट. लेखणी उचलली की अक्षर संपले, त्यामुळे कोणते अक्षर कुठे संपते हा कठीण प्रश्न यंत्रापुढे उरतच नसे. सहकाऱ्यांना वाटत होते की गिऱ्हाईक नवी लिपी शिकायला तयार होणार नाही. प्रत्यक्षात बहुतेकांना ती थोड्याशा सरावाने येऊ लागली, आणि महत्त्वाचे म्हणजे चूक झाली तर ती आपल्या हातून झाली हे लिहिणाऱ्याला कळत होते. न्यूटनची चूक अनाकलनीय वाटे, पायलटची दुरुस्त करता येई. माणसाचा यंत्रावरचा राग या एका फरकाने निवला.

यंत्र तयार होत आले तरी ते बाजारात उतरवण्याइतका पैसा पामकडे नव्हता. १९९५ मध्ये मोडेम बनवणाऱ्या यू. एस. रोबोटिक्सने पाम ४ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. जानेवारी १९९६ मध्ये ‘डेमो’ परिषदेत पायलट दाखवला गेला आणि त्या वसंतात विक्री सुरू झाली: १००० हे मॉडेल २९९ डॉलरला, जास्त मेमरीचे ५००० हे ३६९ डॉलरला. पहिल्या दीडेक वर्षात दहा लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. न्यूटनच्या फजितीनंतर या प्रकारच्या यंत्रांची आशा सोडून दिलेल्या बाजारात हे घडले.

मग या यंत्राच्या जमेच्या बाजूला काय मांडावे? मी पहिले स्थान संगणकाला जोडून ठेवायच्या बैठकीवरच्या एका बटनाला देतो. पायलट बैठकीत ठेवायचा, बटन दाबायचे. काही क्षणांत संगणकावरचे बदल यंत्रात आणि यंत्रातले संगणकावर. दोन्हीकडे एकच माहिती. पायलट हरवला, फुटला, सेल संपून कोरा झाला, तरी नवा आणून तेच बटन दाबले की सारे पत्ते जागच्या जागी. चामडी वहीला आणि डिजिटल डायरीला जे जमले नव्हते ते इथे साधले. दुसरी मोठी गोष्ट बाहेरच्या प्रोग्रामरना मिळालेली मोकळीक. यंत्र साधे असल्याने त्यासाठी लिहिणेही सोपे होते, आणि बघता बघता हजारो लहान प्रोग्राम तयार झाले. १९९९ मध्ये इपॉक्रेटिस या कंपनीने औषधांची माहिती पामवर आणली. औषधांची मात्रा आणि दोन औषधे एकत्र चालतील का, हे अमेरिकेतले डॉक्टर रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून पाहू लागले. १९९८ च्या पाम ३ मध्ये इन्फ्रारेड आले. दोन माणसे समोरासमोर उभी राहून एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड हवेतून पाठवू लागली.

उणिवाही खऱ्या होत्या. सगळी माहिती अशा मेमरीत होती जी वीज गेली की कोरी होई. सेल बदलायला मिनिटभराचीच मुभा. प्रवासात असताना सेल संपले आणि संगणक घरी राहिला, तर शेवटच्या जुळणीनंतरच्या नोंदी गेल्या. पहिल्या मॉडेलचा पडदा संध्याकाळी वाचता येत नसे. प्रकाशाची सोय १९९७ मध्ये झाली. ग्राफिटीच्या चौकटीवर लेखणी घासून इतके चरे पडत की लोक तिच्यावर पारदर्शक टेप चिकटवत. लांब मजकूर लिहायला हे यंत्र नव्हतेच. त्या बाबतीत सायॉनचा कीबोर्ड कितीतरी सरस होता. आणि ज्याच्याकडे संगणक नाही त्याला पायलटचा अर्धाच उपयोग. जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येला तो त्यामुळे दारातूनच परत पाठवत होता.

आपल्याकडे हा मुद्दा बंगळुरूमधल्या काही जणांनी ओळखला. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांनी मिळून १९९८ च्या सुमारास ‘सिम्प्युटर’ची कल्पना मांडली. हातात मावणारे लिनक्सवर चालणारे यंत्र, किंमत ९,००० रुपयांच्या आसपास, भारतीय भाषांतून बोलणारे. एकट्याला परवडत नसेल तर गावाने मिळून एक घ्यावे आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या स्मार्ट कार्डावर असावी. एप्रिल २००१ मध्ये नमुना दाखवला गेला. मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आला. त्याला यंत्र हलवले की कळत असे, आणि ही सोय त्या वेळी हातातल्या यंत्रांत क्वचितच असायची. ग्राफिटीची युक्ती देवनागरीला जशीच्या तशी लागू होण्यासारखी नव्हती. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे एका फटकाऱ्यात कशी बसवणार? म्हणून भारतीय भाषांचा विचार पहिल्या दिवसापासून करणारे यंत्र निघाले, याचे मोल मला फार वाटते. पण विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. सरकारी खरेदी अपेक्षेप्रमाणे झाली नाही आणि तोवर मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत होते. गावाने वाटून घ्यायच्या यंत्राऐवजी प्रत्येक हातात स्वतःचा फोन आला.

पामची घसरण वेगळ्या कारणांनी सुरू झाली आणि तिची सुरुवात यशाच्या ऐन भरात झाली. १९९७ मध्ये यू. एस. रोबोटिक्स थ्रीकॉम या नेटवर्कची सामग्री बनवणाऱ्या कंपनीत विलीन झाली आणि पामला न मागता नवा मालक मिळाला. पायलट नावावर त्याच नावाच्या पेन कंपनीने दावा केल्याने नाव सोडावे लागले. ते परवडले, माणसे गेली ते परवडले नाही. हॉकिन्स आणि डुबिन्स्की यांची मागणी होती की पाम स्वतंत्र करा. थ्रीकॉमने नकार दिला. १९९८ मध्ये दोघे बाहेर पडले, पाठोपाठ कॉलिगनही गेला आणि तिघांनी हँडस्प्रिंग काढली. पामचीच प्रणाली परवान्यावर घेऊन त्यांनी १९९९ मध्ये पामपेक्षा स्वस्त ‘व्हायझर’ आणला. म्हणजे पामची सर्वांत कडवी स्पर्धक कंपनी पामच्याच संस्थापकांची होती.

शेवटी थ्रीकॉमने पाम वेगळी केलीच. २ मार्च २००० रोजी ३८ डॉलरने विकलेला पामचा शेअर पहिल्याच दिवशी १६५ पर्यंत चढला आणि ९५ वर बंद झाला. त्या संध्याकाळी पामची बाजारातली किंमत सुमारे ५,३०० कोटी डॉलर होती, जनरल मोटर्सपेक्षा अधिक. काही आठवड्यांत इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला. पुढच्या वर्षी पामने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मार्च २००१ मध्ये नवी ‘एम५००’ मालिका जाहीर केली, पण ती दुकानांत पोचायला उशीर झाला. नवे येणार हे कळल्यावर जुने कोण घेणार? गोदामे भरून राहिली आणि पंचवीस कोटी डॉलरहून अधिक मालावर पाणी सोडावे लागले.

या चुका टाळल्या असत्या तर पाम टिकली असती का? मला तसे वाटत नाही, कारण तोवर पायाखालची जमीन सरकली होती. पायलटचे सगळे गणित असे होते की माहिती टेबलावरच्या संगणकात असते आणि खिशात तिची प्रत असते. १९९६ मध्ये ते बिनचूक होते. १९९९ मध्ये ब्लॅकबेरी ईमेल घेऊन आला आणि माहिती सरळ हवेतून खिशात येऊ लागली. फोन प्रत्येकाजवळ होताच; दुसरे यंत्र बाळगायचे कशाला? हे सर्वांत आधी ओळखले ते हॉकिन्स आणि त्याच्या साथीदारांनीच. २००२ मध्ये हँडस्प्रिंगने ‘ट्रिओ’ हा फोन आणला. त्यात पामची प्रणाली होती, पण लिहिण्यासाठी अंगठ्याने दाबायचा लहानसा कीबोर्ड होता. ज्याने ग्राफिटी घडवली त्यानेच ती बाजूला ठेवली. तिकडे पामलाही ग्राफिटी सोडावी लागली. झेरॉक्सने १९९७ पासून एका फटकाऱ्याच्या अक्षरांच्या पेटंटवरून खटला चालवला होता. २००३ मध्ये पामने वेगळी लिपी आणली आणि २००६ मध्ये सव्वादोन कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला. २००३ मध्येच पामने हँडस्प्रिंग विकत घेतली आणि संस्थापक परत आले. पण त्याच वेळी प्रणाली बनवणारा विभाग वेगळी कंपनी करून तोडून टाकला गेला. यंत्र एकाचे आणि प्रणाली दुसऱ्याची. ज्या एकसंधपणाने पायलट घडला तो इथे संपला. २००५ मध्ये पामनेच मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणारा ट्रिओ जाहीर केला. २००७ मध्ये आयफोन आला. २०१० मध्ये एचपीने पाम १२० कोटी डॉलरला घेतली आणि ऑगस्ट २०११ मध्ये ते काम बंद केले.

हरलेल्यांचा वारसा मात्र मोठा आहे. न्यूटनला कमी विजेत चालणारा प्रोसेसर हवा होता, म्हणून अॅपलने १९९० मध्ये एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांच्यासह एआरएम कंपनी उभी केली. आज बहुतेक सगळे मोबाइल फोन त्याच घराण्याच्या प्रोसेसरवर चालतात. सायॉनच्या प्रणालीतून १९९८ मध्ये सिम्बियन निघाली आणि ती नोकियाच्या फोनमधून आपल्याकडे गावोगाव पोचली. न्यूटनवर काम केलेल्या ग्रेग क्रिस्टीने पुढे आयफोनच्या पडद्याची मांडणी घडवण्यात मोठा वाटा उचलला. हॉकिन्स स्वतः मेंदूच्या अभ्यासाकडे परतला. २००५ मध्ये त्याने डुबिन्स्कीबरोबर न्युमेंटा ही संस्था काढली.

जमाखर्च मांडून झाला आहे, तेव्हा माझा कौल सांगतो. १९९६ साली तीनशे डॉलर मोजून ज्याने पायलट घेतला त्याने त्या काळातली सर्वांत योग्य वस्तू घेतली. २००२ नंतर मात्र ज्याने नुसता ऑर्गनायझर नव्याने विकत घेतला, त्याने थोडे थांबून ट्रिओसारखा फोन घ्यायला हवा होता.